पापणीवरच्या पिवळ्या चट्ट्याला लसूण चोळू नका

परभणी-बीडकडे पापणीच्या आतल्या कोपऱ्यावर पिवळट चट्टा उठला की घरातलं कुणीतरी सांगतंच, "तेलकट खाल्लं, चरबी वर आली. लसूण चोळ, जाईल." हे चूक आहे. खाल्लेलं तेल थेट कातडीत येऊन गोठत नाही.

रक्तातले एलडीएल म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलचे कण बारीक रक्तवाहिन्यांतून त्वचेत झिरपतात. तिथं त्यांचं ऑक्सिडीकरण होतं, रूप बदलतं. साधं एलडीएल पुरेसं झालं की पेशी आपलं दार बंद करते. बदललेले कण मात्र मॅक्रोफेज या सफाई पेशी वेगळ्याच दारानं आत घेतात, आणि त्या दाराला कडी नाही. गिळत गिळत त्या फेसासारख्या फुगतात. त्यांचा थर म्हणजेच हा चट्टा. हृदयाच्या धमन्यांतही असाच थर धरतो, म्हणून मला याची काळजी वाटते.

लसणानं पापणीची नाजूक कातडी भाजते. लातूरच्या माझ्या मावशीला तसा डाग राहिलाय, चट्टाही तिथंच आहे.

असा चट्टा असलेल्या सुमारे निम्म्या जणांचं कोलेस्टेरॉल नॉर्मल निघतं, तरी लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, करून घ्याच. टाचेमागं कडक गाठी असतील तर कोलेस्टेरॉलचा दोष आनुवंशिक असू शकतो. मग लेकरांचीही तपासणी करा.