ट्रिकसीन, पण फ्रेमवर

कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की सिंधुदुर्गात दशावताराचे व्हिडिओ मोबाइलवरून फिरू लागतात. त्यातल्या युद्धात तलवारीचं पातं पेटलेलं दाखवायचं असेल, तर तयार इफेक्ट चिकटवून भागत नाही. पातं दर फ्रेमला, म्हणजे व्हिडिओतल्या एकेका स्थिर चित्रात, जागा बदलतं, म्हणून एकेक फ्रेम हातानेच करावी लागते. हीच रोटोस्कोपी. मॅक्स फ्लायशरने १९१५ साली या युक्तीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा फिल्मची एकेक चौकट काचेवर पाडून तिच्यावरून रेघ ओढत. आज काचेच्या जागी स्क्रीन आली, कष्ट तेवढेच.

अर्धं काम चित्रीकरणातच बिघडतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्टेजवरचे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर, म्हणजे एका फ्रेमसाठी उजेड आत घेण्याचा वेळ, १/५० सेकंद ठेवलं तर प्रत्येक फ्रेममध्ये दोन पूर्ण लुकलुकी मावतात, उजेड स्थिर दिसतो. ३० फ्रेम आणि १/६० ठेवलं की पडद्यावर पट्टे सरकू लागतात. मोबाइल आणखी एक खोडी करतो: अंधारात तो फ्रेमचा वेग आपणहून कमी-जास्त करतो. म्हणून आधी एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरने क्लिप ठरावीक २५ फ्रेमवर आणा, नाहीतर पुढे मृदंगाची थाप आणि तलवारीची टक्कर जुळत नाही. मग फ्रेम पीएनजीमध्ये सुट्या काढा. जेपेग नको, दर सेव्हला खराब होतं. नावं ०००१ पासून द्या. नुसते आकडे दिले तर काही सॉफ्टवेअर १ नंतर थेट १० उचलतात. आठ सेकंदांची चकमक म्हणजे २०० चित्रं.

आता पातं. ब्लेंडर या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये मास्क, म्हणजे पात्याभोवती बिंदू जोडून आखलेला आकार, काढताना पहिल्याच फ्रेमपासून ओळीने जाऊ नका. वार सुरू होतो ती फ्रेम आणि संपतो ती, दोन्ही आधी; मग मधली, मग त्यांच्या मधल्या. ओळीने गेलं की बिंदू दर फ्रेमला थोडे इकडेतिकडे पडतात आणि पात्याची कड उकळल्यासारखी थरथरते. जोरदार वारात मात्र सुटका नाही, तिथे प्रत्येक फ्रेम. कार्टूनवाले एक चित्र दोन फ्रेम चालवतात. इथे तसं केलं तर तलवार पुढे आणि तेज मागे.

सगळ्यात जास्त फसतं ते धूसरपणात. १/५० सेकंदात पातं बरंच अंतर कापतं, त्यामुळे फ्रेममध्ये ते सरळ नसून पंख्यासारखं फाकलेलं दिसतं: मुठीशी अरुंद, टोकाशी रुंद. मास्कही तसाच फाकलेला हवा. रेखीव पातं काढलं की ते वर चिकटवलेलं वाटतं.

तेज एका थराचं नसतं. आत जवळजवळ पांढरा गाभा, त्यावर त्याच आकाराच्या तीन प्रती, साधारण ५, २० आणि ६० पिक्सेल ब्लर करून, रंग देऊन, स्क्रीन मोडमध्ये, म्हणजे वरचा थर खालचं चित्र फक्त उजळवेल अशा पद्धतीने. राक्षसाच्या मुकुटामागे तलवार गेली की गाभा तिथे कापायचा, बाहेरची आभा थोडी मुकुटावर सांडू द्यायची. वार तोंडाजवळून जाताना गालाच्या रंगावर आणि जरीवर उजेडाचा हलका मास्क तेवढ्याच फ्रेमपुरता टाका. हे वगळणारे बरेच. आणि तेच वगळल्याने सगळं खोटं दिसतं.

शेवटी रात्रीच्या चित्रीकरणातले दाणे. मूळ चित्र खरखरीत आणि आपलं तेज गुळगुळीत, असं होतं. तेवढेच दाणे तेजावरही टाका, दर फ्रेमला वेगळे. एकच नमुना सगळीकडे वापरला तर काच मळल्यासारखी दिसते.