चेंडू गेल्यानंतरचे पाच सेकंद

1980च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या बाकनांगमधल्या एका छोट्या फुटबॉल क्लबशी सराव सामना खेळायला सोव्हिएत संघातला बलाढ्य दिनामो कीव आला होता. बाकनांगकडून खेळणारा आणि संघाला शिकवणाराही राल्फ रांगनिक तेव्हा पंचविशीच्या आसपासचा. खेळता खेळता चेंडू रेषेबाहेर गेला, तशी त्याने समोरची डोकी मोजली. पायात चेंडू आला रे आला की दोघं-तिघं अंगावर येत होते. यांचे तेरा-चौदा जण तर उतरले नाहीत ना, अशी शंका त्याला आली. अकराच होते. प्रशिक्षक वालेरी लोबानोव्स्की यांनी त्या अकरांना चेंडूच्या दिशेने एकत्र सरकायला शिकवलं होतं. पुढे रांगनिक स्वतः मोठे प्रशिक्षक झाले, तेव्हा त्यांनी सरावात टिकटिकणारं घड्याळ लावलं: आठ सेकंदांत चेंडू परत मिळवायचा.

यामागचा हिशेब क्षेत्रफळाचा आहे. मोठ्या सामन्यांचं मैदान 105 बाय 68 मीटर, म्हणजे 7140 चौरस मीटर. गोलकीपर सोडून दहा जणांत वाटलं तर एकेकाच्या वाट्याला सातशेहून जास्त चौरस मीटर येतात. एवढी जागा कुणाच्याच बापाला राखता येणार नाही. शिवाय जोरकस पास सेकंदाला 15 मीटरच्या आसपास जातो, आणि खेळाडू पूर्ण वेगात आला तरी नऊ-दहाच्या वर फारसा जात नाही. चेंडूमागे धावणारा एकटा खेळाडू हरणारच. पण तेच दहा जण चेंडूभोवती 40 बाय 35 मीटरच्या पट्ट्यात आले की वाटा 140 चौरस मीटरवर येतो.

आता पहिल्यांदा अंगावर जाणाऱ्याकडे बघू. चेंडूच्या जागी दिवा आहे असं धरा. पुढे उभ्या असलेल्या खेळाडूची सावली मागे पडते, आणि त्या सावलीतल्या गड्याला जमिनीवरून सरळ पास मिळत नाही. दोन्ही बाजूंना पाय टाकून तो दोन मीटरची रुंदी अडवतो असं मानलं, तर दहा मीटरवरून तो जेमतेम 11 अंशांचा कोन बंद करतो. तीन मीटरवर आला की तोच कोन 37 अंशांचा होतो. म्हणून जवळ जायचं, पण सरळ नाक धरून नाही. थोडं वळून, सगळ्यात धोकादायक पासची वाट आपल्या पाठीमागे ठेवून जायचं. चेंडू बहुतेक वेळा हा पहिला खेळाडू काढतच नाही. त्याच्यामुळे उरलेल्या एकाच वाटेवर पास जातो आणि दुसरा तो मध्येच उचलतो. टाळ्या मात्र दुसऱ्यालाच मिळतात. पहिल्याचं नाव घेऊन कौतुक करणारा प्रशिक्षक मला फार मोलाचा वाटतो.

प्रशिक्षक पेप ग्वार्दिओला यांच्या बार्सिलोनात (2008 ते 2012) चेंडू गेला की पहिले पाच-सहा सेकंद जवळच्या सगळ्यांनी तुटून पडायचं, नाही मिळाला तर मागे सरकून रचना लावायची, असा दंडक होता. पाचच का? ज्याने नुकताच चेंडू काढला त्याची नजर अजून चेंडूवरच असते. तोल सावरायचा, मान वर करायची, सहकारी शोधायचा, यात वेळ जातो. त्याचे सहकारीही बचावासाठी एकमेकांना चिकटून उभे असतात. ते पसरले की संधी संपली.

दुसरं कारण स्नायूंत आहे. पूर्ण जोराची धाव एटीपी आणि क्रिएटिन फॉस्फेट या स्नायूंतल्या तयार इंधनाच्या साठ्यावर चालते. हा साठा काही सेकंदांचाच. निम्मा भरायला साधारण अर्धं मिनिट आणि पूर्ण भरायला काही मिनिटं लागतात. म्हणजे चेंडू जिंकून लगेच गमावणारा संघ दुसऱ्यांदा तसाच तुटून पडू शकत नाही. चेंडू पायात ठेवून दम खायचा असतो. जिंकणं आणि वापरणं वेगवेगळं शिकवू नये, ते यासाठीच.

दोन्ही एकत्र शिकवणारा एक सराव नेदरलँड्सचा आयाक्स क्लब आणि बार्सिलोना यांच्या परंपरेत रुळला आहे. आयताकृती चौकट, चारास चार, आणि तीन तटस्थ: दोन टोकांना, एक मध्ये. चेंडू असलेले चौघं लांब बाजूंच्या रेषांवर पसरतात. त्यांना तटस्थांची मदत असते, म्हणजे साताविरुद्ध चार. बचाव करणारे चौघं आत. चेंडू हातचा गेला की त्याच क्षणी बाहेरचे आत झेपावतात आणि आतले बाहेर पळतात. शिट्टी नाही, थांबणं नाही. नियमच गुरुजी होतो, आणि मुलं ओरडा न खाता शिकतात.

चेंडू मिळाल्यावर किती पास द्यावेत, यावर जुना वाद आहे. इंग्लंडच्या हवाई दलातले हिशेबनीस चार्ल्स रीप यांनी 1950 पासून सामन्यांच्या नोंदी ठेवल्या. सुमारे 80 टक्के गोल तीन किंवा कमी पासांतून होतात, असं त्यांनी दाखवलं. त्याआधारे लांब फटक्यांच्या खेळाचं इंग्लंडमध्ये बरंच समर्थन झालं. पण त्यांच्याच नोंदींत एकूण चालींपैकी तेवढ्या छोट्या चाली 90 टक्क्यांच्या आसपास होत्या! म्हणजे गोलांतला त्यांचा वाटा उलट कमीच. 2005 साली ह्यूज आणि फ्रँक्स यांनी विश्वचषकाचे सामने चालींच्या संख्येनुसार तपासले, तेव्हा चांगल्या संघांच्या जास्त पासांच्या चालींतून जास्त शॉट निघताना दिसले. गोलासमोर चेंडू जिंकला आणि बचाव विस्कटलेला असेल तर सरळ गोलाकडे जावं. एरवी पहिला पास गर्दीबाहेर.

बार्सिलोनात घडलेले प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा 2017 मध्ये एफसी गोवाला आले आणि हाच विचार फातोर्ड्याच्या मैदानावर दिसला. त्यांचा फेरान कोरोमिनास 2017-18च्या इंडियन सुपर लीगमध्ये 18 गोल करून सर्वाधिक गोलांचा मानकरी ठरला.

कोल्हापूरच्या तालमीत किंवा मडगावच्या शाळेत हे शिकवायचं तर महागडी साधनं लागत नाहीत. चार शंकू आणि दोन रंगांच्या बनियनी पुरतात. बारा वर्षांच्या मुलांना चौकट आधी मोठी द्यावी. जिंकल्यावरचा पहिला पास चौकटीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात पोचला तरच गुण, असा नियम ठेवावा. दहापैकी सात-आठ वेळा जमू लागलं की शंकू दोन-दोन पावलं आत घ्यावेत.