ई-जीवनसत्त्व आणि कर्करोग

ई-जीवनसत्त्व या एका नावाखाली वनस्पतींत तयार होणारी आठ संयुगे येतात: चार टोकोफेरॉल आणि चार टोकोट्रायनॉल. दोन्ही गटांत आल्फा, बीटा, गॅमा व डेल्टा अशी रूपे आहेत. कर्करोगाला आळा घालण्याची त्यांची क्षमता रूपागणिक बदलते. हा भेद न पाहिल्यामुळे या विषयात बराच गोंधळ माजला आहे.

१९२२ मध्ये हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांना उंदरांचा गर्भ टिकण्यासाठी आवश्यक असा एक आहारघटक आढळला. १९३६ साली तो गव्हाच्या अंकुराच्या तेलातून शुद्ध स्वरूपात मिळाला. सूर्यफुलाच्या तेलात मुख्यतः आल्फा-टोकोफेरॉल, तर सोयाबीन व मक्याच्या तेलांत गॅमा-टोकोफेरॉल अधिक असते. टोकोट्रायनॉल मात्र मोजक्याच ठिकाणी भरपूर सापडतात: पाम तेल, तांदळाच्या कोंड्याचे तेल आणि शेंद्रीच्या बिया.

रेणूचे डोके दोन्ही गटांत सारखेच असते, फरक शेपटीत आहे. टोकोफेरॉलची शेपटी संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेली असते, तर टोकोट्रायनॉलच्या शेपटीत तीन दुहेरी बंध असतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्कपेशींवर गॅमा आणि डेल्टा टोकोट्रायनॉलचा परिणाम आल्फा-टोकोफेरॉलपेक्षा कितीतरी ठळक दिसतो. पेशींची वाढ थांबते आणि त्या स्वतःच्या मृत्यूची यंत्रणा चालू करतात. दाह व पेशींची तगून राहण्याची धडपड यांना चालना देणारा एनएफ-कॅपा-बी हा प्रथिनसमूह मंदावतो. कोलेस्टेरॉलनिर्मितीतले एक कळीचे विकरही लवकर नष्ट होते.

काचेच्या बशीतले हे यश शरीरात उतरवणे अवघड आहे. यकृतातील एक वाहक प्रथिन आल्फा-टोकोफेरॉल निवडून रक्तात परत पाठवते. बाकीच्या रूपांचे बरेचसे विघटन होते आणि टोकोट्रायनॉल काही तासांतच रक्तातून ओसरतात.

माणसांवरच्या मोठ्या चाचण्या आल्फा-टोकोफेरॉलच्याच झाल्या. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले. रोज ५० मिलिग्रॅम घेऊनही फुप्फुसाचा कर्करोग घटला नाही. प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग मात्र सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला आणि आशा वाढली. ती पारखण्यासाठी अमेरिकेत व शेजारी प्रदेशांत ३५,५३३ पुरुषांवर ‘सिलेक्ट’ चाचणी झाली. तिच्यात रोज ४०० आंतरराष्ट्रीय एकके, म्हणजे फिनलंडच्या कित्येक पट मात्रा, कृत्रिम आल्फा-टोकोफेरॉलच्या रूपात दिली गेली. लाभ दिसत नसल्याने २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. २०११ च्या अहवालात ई-जीवनसत्त्व घेणाऱ्या निरोगी पुरुषांत प्रोस्टेट कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त निघाला. निरोगी माणसाने ‘खबरदारी म्हणून’ मोठी मात्रा घेऊ नये, एवढे या आकड्यातून स्पष्ट होते.

‘सिलेक्ट’चा निकाल आठही रूपांना लावणे चूक आहे. त्यात टोकोट्रायनॉल नव्हते, म्हणून ते गुणकारी ठरतात असे मानणे तितकेच चूक. मलेशियात स्तनाच्या कर्करोगाच्या सुरुवातीच्या अवस्थेतील २४० स्त्रियांवर पाच वर्षांची चाचणी झाली. टॅमॉक्सिफेन या स्तनाच्या कर्करोगावरील औषधाला टोकोट्रायनॉलयुक्त अर्काची जोड दिल्याने सांख्यिकीदृष्ट्या ठोस फायदा दिसला नाही. स्वादुपिंडाच्या गाठी असलेल्या २५ रुग्णांना अमेरिकेत शस्त्रक्रियेपूर्वी डेल्टा-टोकोट्रायनॉल देण्यात आले. अहवाल २०१५ मध्ये आला. रोजची मात्रा २०० ते ३,२०० मिलिग्रॅम होती, ती सोसली गेली आणि काही मात्रांवर गाठींतील पेशीमृत्यूच्या खुणा वाढल्या. अशा छोट्या, प्राथमिक चाचणीवरून आयुष्य वाढते की नाही हे ठरत नाही.

जेवणातल्या तेलातून या मात्रा मिळणे अशक्य आहे. कच्च्या पाम तेलाच्या एका किलोत सर्व रूपे मिळून साधारण ६०० ते १,००० मिलिग्रॅम असतात. म्हणजे ३,२०० मिलिग्रॅमसाठी तीन किलोंहून अधिक तेल लागेल. शिवाय तेलाचा वास काढताना जी वाफ सोडतात, तिच्याबरोबर यातला काही भाग निघून जातो. ती वाफ थंड करून उरणाऱ्या अवशेषातून गोळ्यांसाठीचे नैसर्गिक ई-जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणावर काढले जाते. मोठ्या मात्रेमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो, विशेषतः वॉरफेरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असताना. त्यामुळे कर्करोगाचे उपचार घेणाऱ्याने अशी गोळी सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारले पाहिजे.