रास आणि वाळवण: न्यूयॉर्क दाट की लॉस एंजेलिस?

अमेरिकेतला सर्वांत दाटीचा मोठा शहरी पट्टा कोणता, असं विचारलं की बहुतेक जण न्यूयॉर्कचं नाव घेतात. जनगणनेचे आकडे वेगळंच सांगतात. २०२० च्या जनगणनेनुसार न्यूयॉर्क आणि त्याला लागून सलग वस्ती असलेल्या भागात १ कोटी ९४ लाख माणसं ८,४१२ चौरस किलोमीटरवर राहतात. म्हणजे घनता चौरस किलोमीटरला सुमारे २,३००. लॉस एंजेलिसच्या तशाच सलग पट्ट्यात १ कोटी २२ लाख माणसं ४,२३९ चौरस किलोमीटरवर आहेत, घनता सुमारे २,९००. बैठ्या घरांचं, फ्रीवेचं आणि वाहतूक कोंडीचं लॉस एंजेलिस चक्क पंचवीस टक्क्यांनी पुढे!

आकडा बरोबरच आहे. तरी न्यूयॉर्क शहरातल्या मॅनहॅटन बेटाच्या फुटपाथवर उभ्या असलेल्या माणसाला तो पटणार नाही, आणि त्याचंही चुकत नाही. घोळ ‘सरासरी’ या शब्दात आहे.

आधी भागाकारातला छेद पाहू. घनता म्हणजे माणसं भागिले जमीन. पण जमीन कुठली धरायची? महापालिकेची हद्द धरली तर न्यूयॉर्क शहराची घनता सुमारे ११,३०० आणि लॉस एंजेलिस शहराची जेमतेम ३,२०० निघते. हे चित्र ओळखीचं वाटतं, पण हद्दी इतिहासाने आखलेल्या असतात. लॉस एंजेलिस शहराच्या पोटात सांता मोनिका डोंगररांगेचा मोठा भाग येतो, ग्रिफिथ पार्कसारखं डोंगराळ उद्यान येतं; उलट बेव्हर्ली हिल्स, वेस्ट हॉलीवूड आणि सांता मोनिका ही गावं शहराने वेढलेली असूनही त्यांच्या नगरपालिका वेगळ्या आहेत. डोंगर छेदात आणि दाट वस्ती हद्दीबाहेर, असा प्रकार. म्हणून जनगणना खातं हद्दी बाजूला ठेवून सलग बांधकाम असलेला ‘शहरी भाग’ मोजतं. वर दिलेले पहिले आकडे त्या मोजणीचे आहेत.

पण हद्दीचा प्रश्न सुटला की दुसरा उभा राहतो. न्यूयॉर्कच्या या शहरी भागात मॅनहॅटन आहे, तसंच न्यू जर्सी आणि लाँग आयलंडमधलं उपनगरांचं अफाट जाळंही आहे. अनेक मराठी कुटुंबं ज्या जर्सी सिटीत आणि एडिसनमध्ये राहतात, ती दोन्ही गावं याच एका भागात मोडतात. जर्सी सिटीची घनता चौरस किलोमीटरला सुमारे ७,७००, एडिसनची १,४०० च्या आत. मॅनहॅटनची २८,९००. या सगळ्यांची एक सरासरी काढून तिला ‘न्यूयॉर्कची घनता’ म्हणायचं, हे अंगणातली धान्याची रास आणि कडेला सांडलेले चार दाणे एकाच मापाने मोजण्यासारखं आहे. लॉस एंजेलिसमध्ये रास फारशी नाही, पण अंगणभर वाळवण घातल्यासारखा सारखा थर आहे.

हा फरक पकडायला लोकसंख्या-भारित घनता वापरतात. कृती सोपी आहे. शहराचे छोटे तुकडे घ्यायचे. अमेरिकेत त्यासाठी साधारण चार हजार वस्तीचे जनगणना-विभाग तयारच असतात. प्रत्येक तुकड्याची घनता काढायची, तिला त्याच तुकड्यातल्या माणसांच्या संख्येने गुणायचं, सगळे गुणाकार मिळवायचे आणि शेवटी एकूण लोकसंख्येने भागायचं. समजा, एका गावात १ चौरस किलोमीटरवर ९,००० माणसं आहेत आणि उरलेल्या ९ चौरस किलोमीटरवर १,०००. साधी घनता आली १,०००. पण दहातले नऊ गावकरी ९,००० च्या दाटीत राहतात. भारित घनता येते सुमारे ८,१००. साधी घनता जमिनीच्या नजरेतून पाहते, भारित घनता माणसाच्या. मात्र दोन शहरं तोलताना तुकड्यांचा आकार सारखा हवा. तुकडे मोठे घेतले की दाट आणि विरळ भाग एकमेकांत मिसळतात आणि आकडा खाली येतो.

२०१० च्या जनगणनेवरून महानगरांची अशी घनता काढली गेली तेव्हा न्यूयॉर्कची चौरस किलोमीटरला सुमारे १२,००० आली आणि लॉस एंजेलिसची ४,७००. पारडं पुन्हा फिरलं, तेही अडीच पटीने.

लॉस एंजेलिसचा थर इतका सलग का, याचं एक मोठं कारण पाणी. ईशान्य अमेरिकेत पाऊस भरपूर, भूजल सहज मिळतं. विहीर खणून आणि सांडपाण्यासाठी सेप्टिक टँक बसवून जंगलाच्या कडेलाही घर बांधता येतं. त्यात कित्येक गावांनी एका घराला किमान एक एकर, कुठे दोन एकर जागा हवीच असे नियम केले. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे! दक्षिण कॅलिफोर्नियात ही सोय नव्हती. १९१३ मध्ये ओवेन्स खोऱ्यातून ३७५ किलोमीटरचा कालवा आणला तेव्हा शहराला श्वास मिळाला. घर बांधायचं तर नळाच्या जाळ्याला जोडूनच. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर. शहरातल्या ‘एका प्लॉटवर एक घर’ अशा झोनमध्ये प्लॉटचं किमान क्षेत्र ५,००० चौरस फूट, म्हणजे जेमतेम साडेचार गुंठे. घरं बैठी खरी, पण खेटून.

उंच इमारत म्हणजे दाट वस्ती हा समजही इथेच मोडायला हवा. १९१० मध्ये मॅनहॅटनमध्ये २३ लाख माणसं राहत होती. २०२० मध्ये १७ लाखही नव्हती. तेव्हाची दाटी मुख्यतः पाच-सहा मजली चाळवजा इमारतींतली होती, एकेका खोलीत कोंबलेल्या कुटुंबांची. १९०४ पासून सबवे, म्हणजे भुयारी रेल्वे, आली, माणसं ब्राँक्स, ब्रुकलिन आणि क्वीन्सकडे सरकली. गगनचुंबी इमारती वाढल्या आणि रहिवासी घटले. लॉस एंजेलिसमध्येही कोरियाटाउनसारख्या भागाची घनता १५,००० च्या वर जाते, आणि तिथलं बरंचसं बांधकाम दोन ते पाच मजलीच आहे.

मग कोरियाटाउन मॅनहॅटनसारखं का वाटत नाही? माझ्या मते उत्तर तळमजल्यावर आहे.

रस्त्याची रंगत पायी येणाऱ्या गिऱ्हाइकांवर चालते. चौकटी रस्त्यांच्या जाळ्यात ८०० मीटर, म्हणजे दहा मिनिटं चालून जेवढा परिसर गाठता येतो तो सुमारे १.२८ चौरस किलोमीटर भरतो. नकाशावर कंपासने काढलेलं वर्तुळ २ चौरस किलोमीटरचं असतं. कोपरे वळून जावं लागत असल्याने त्यातलं चौसष्ट टक्केच हाती लागतं. मॅनहॅटनच्या सरासरी घनतेला एवढ्या परिसरात सुमारे ३७,००० माणसं असतात, लॉस एंजेलिस शहराच्या सरासरीला ४,१००. पहिल्या गर्दीवर न्हावी, मासळीवाला, पुस्तकाचं दुकान आणि दर पाच मिनिटांनी येणारी रेल्वे असं सगळं तगतं. दुसऱ्या गर्दीवर एखादं किराणा दुकान चाललं तरी खूप. बाकी गिऱ्हाईक मोटारीने आणावं लागतं, आणि मोटार आली की तिला जागा लागते.

एका मोटारीचा चौकोन असतो सुमारे १४ चौरस मीटरचा. येण्याजाण्याची वाट धरली की ३० च्या आसपास. दोन मोटारी म्हणजे एक लहान फ्लॅट. लॉस एंजेलिसच्या नियमांनी प्रत्येक घरासाठी पार्किंग सक्तीचं केल्यावर, १९५० आणि ६० च्या दशकांत, पन्नास फूट रुंदीच्या प्लॉटवर एकच गणित बसत होतं: खाली खांबांवर मोटारी, वर दोन मजले फ्लॅट. पुण्या-मुंबईत ज्याला आपण स्टिल्ट पार्किंग म्हणतो तेच, फक्त लाकडी सांगाड्यावर. या इमारतींना तिथे डिंगबॅट म्हणतात. घनता चांगली मिळाली, पण प्लॉटची पुढची बाजू मोटारींच्या तोंडाने व्यापली गेली. फुटपाथ जागोजागी उतरता झाला आणि दुकानाला जागाच उरली नाही.

शिवाय इमारत अशक्त झाली. भूकंपाचा धक्का आडवा बसतो. वरच्या मजल्यांना भिंतींचा आधार असतो, खाली मात्र बारीक खांब. सगळी मोडतोड त्या एका मजल्यावर गोळा होते आणि वरचा भाग खाली बसतो. १७ जानेवारी १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात अशाच पार्किंगवर उभ्या असलेल्या एका तीन मजली संकुलात १६ जण दगावले. २०१५ मध्ये शहराने १९७८ पूर्वीच्या अशा लाकडी इमारतींना पोलादी चौकट किंवा भक्कम भिंत घालून मजबुती देणं सक्तीचं केलं.

वाहतूक कोंडीचं कोडंही इथेच सुटतं. पट्टा विरळ असता तर मोटारींना रस्ते पुरले असते. फार दाट असता तर निम्मे लोक रेल्वेने गेले असते. लॉस एंजेलिस नेमकं मध्ये अडकलंय. लोकसंख्येच्या मानाने तिथे फ्रीवे उलट कमीच आहेत. २०१५ च्या एका अभ्यासात लॉस एंजेलिस काउंटीत १ कोटी ८६ लाख पार्किंग जागा मोजल्या गेल्या, म्हणजे दर मोटारीमागे तीनहून जास्त. न्यूयॉर्क शहरात निम्म्याहून अधिक घरांत मोटारच नाही.

न्यूयॉर्कचं सगळं छान आहे असं नाही. रास जिथे संपते तिथे एडिसनसारखी उपनगरं लागतात, आणि तिथे दुधाच्या पिशवीसाठीही गाडी काढावी लागते. लॉस एंजेलिसच्या उपनगरात निदान बसने जायला दुसरं गाव तरी जवळ असतं.

कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा करून सार्वजनिक वाहतुकीच्या मोठ्या थांब्यांपासून अर्ध्या मैलाच्या आत नव्या इमारतींवरची पार्किंगची सक्ती १ जानेवारी २०२३ पासून बहुतांशी काढली. म्हणजे खांबांची जागा आता दुकानाला किंवा घराला देता येईल. पण बऱ्याच निवासी झोनमध्ये दुकानाला मुळात परवानगी नाही, आणि गृहप्रकल्पाला कर्ज देणारे अजूनही विचारतात, ‘पार्किंग किती?’ त्यामुळे सक्ती उठली तरी खालचे खांब अनेक नकाशांत तसेच आहेत.