पाग: आमिषाच्या माशांसाठी फेकजाळं निवडणं आणि विकत घेणं

पाग म्हणजे एका माणसाने हाताने फेकायचं गोल जाळं. हवेत उघडतं, पाण्यावर सपाट पडतं, काठाला ओवलेल्या शिशाच्या वजनाने तळाला जातं आणि दोरी ओढली की काठ जवळजवळ येत आत सापडलेल्या माशांसकट मिटतं. कोकणात पाग किंवा पागेर म्हणतात, पुस्तकात आणि सरकारी कागदात फेकजाळं. सिंधुदुर्गातले गाबीत, रत्नागिरीकडचे खारवी, रायगड-मुंबईचे कोळी आणि आतल्या नद्या-तळ्यांवरचे भोई, सगळ्यांकडे हे पूर्वापार आहे, आणि बहुतेक घरांत ते कालवणापुरते मासे आणायचं जाळं होतं. गेल्या काही वर्षांत गळ-रॉड घेऊन गरवायला जाणारी हौशी मंडळी वाढली आणि त्यांना पाग लागतो तो खाण्यासाठी नाही, आमिषासाठी. या नोंदीत त्याच पागाबद्दल.

जिताडा, तांबोशी, गोबरा हे मासे जिवंत आमिषाला जसे धावतात तसे मेलेल्याला धावत नाहीत. बाजारातली बर्फातली कोळंबी गळाला लावली की आधी शिंगाळी आणि केंड येऊन कुरतडतात आणि दिवसभर तेच काढत बसावं लागतं. त्यापेक्षा खाडीच्या तोंडाशी बोटभर लांबीच्या बोय, मुडदुशी, पेडवे, तारल्या नाहीतर जिवंत कोळंबी पागाने धरायची आणि तिथेच लावायची हे कधीही चांगलं. धरणावर मरळीसाठी बसणारेही बारीक मासे असेच धरतात. आता हे मासे असतात लहान, चपळ, उथळ पाण्यातले आणि पकडल्यावर ते जिवंत राहायला हवेत, म्हणजे खाण्याच्या माशांसाठी जो पाग चांगला तोच इथे चालेल असं नाही. दुकानात गेल्यावर माणूस मोठ्या जाळ्याकडे बघतो कारण मोठं म्हणजे जास्त मासे असं वाटतं. आमिषाला मोठं जाळं लागतच नाही, लागतो तो पटकन बुडणारा आणि नीट गोल उघडणारा लहान पाग. बाकी सगळ्या गोष्टी याच्या मागून येतात.

माप

पहिला गोंधळ मापाचा. "सहा फुटी पाग" म्हणजे शेंडीपासून, म्हणजे दोरी बांधतात त्या मधल्या टोकापासून, काठाच्या शिशापर्यंतची लांबी सहा फूट की उघडल्यावर आरपार सहा फूट? पहिल्याचं क्षेत्रफळ साधारण ११३ चौरस फूट होतं, दुसऱ्याचं २८, म्हणजे थेट चौथाई. ऑनलाइन विकणारे दोन्ही प्रकारे लिहितात आणि फोटोवरून काही कळत नाही, तेव्हा ऑर्डर देण्याआधी त्रिज्या की व्यास एवढं विचारून घ्यावं. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांना हा फरक कायद्यातही भेटतो, फ्लोरिडात १४ फुटांची मर्यादा शेंडीपासून शिशापर्यंत मोजतात आणि टेक्सासमध्ये १४ फूट म्हणजे व्यास. एकाच आकड्याचे दोन पाग आणि एक दुसऱ्याच्या चौपट. शिवाय जाळं विणताना थोडं सैल ठेवलेलं असतं म्हणून प्रत्यक्षात उघडलेलं वर्तुळ कागदावरच्यापेक्षा लहानच भरतं, चांगला फेकणारा असला तरी.

आमिषासाठी त्रिज्या पाच ते सहा फूट पुरे. नवशिक्याला चार फुटीही चालतो, हसणारे हसू देत. आठ फुटी पाग ओला झाल्यावर दहाव्या फेकीला खांदा बोलायला लागतो, आणि नीट न उघडलेल्या आठ फुटीपेक्षा पूर्ण उघडलेला पाच फुटी जास्त पाणी झाकतो. जेटीवरून किंवा उंच धक्क्यावरून टाकायचा असेल तर थोडा मोठा आणि दोरी लांब, कारण पाणी खोल असतं. पण खोल पाण्यात पाग बुडता बुडताच मिटायला लागतो, त्यामुळे तिथे तळाचं काही लागेल ही आशा कमी. होडीच्या नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून टाकणाऱ्याने जागेचा विचार करावा, मागे दुसरा माणूस बसलेला असतो.

आस

जाळ्याच्या एका भोकाला आस म्हणतात आणि त्याचंही माप दोन प्रकारे सांगतात. एका गाठीपासून शेजारच्या गाठीपर्यंतची बाजू, किंवा आस ताणून समोरासमोरच्या गाठींमधलं अंतर, जे बाजूच्या दुप्पट असतं. दुकानदार १० म्हणाला आणि आपल्या डोक्यात ताणून २० असलं तर एकच जाळं आहे, पण ताणून १० वालं हातात पडलं तर ते वेगळंच. खिशात पट्टी ठेवावी, एका ओळीतले दहा आस ताणून मोजावे आणि दहाने भागावं, कोणाला विचारायची गरज राहत नाही.

बोय-पेडव्यांच्या पिल्लांना ताणून १८ ते २० मिलिमीटर बरोबर बसतो. अगदी बारीक मांदेली किंवा कोळंबी हवी असेल तर १२च्या आसपास जावं लागतं. खाण्याची मोठी बोय धरायच्या पागात आस ४०-५० असतो, त्यातून आमिषाचे मासे बाहेर पडतात. त्याहून वाईट म्हणजे मधला आस, ज्यात मासा डोक्यापर्यंत घुसतो आणि कल्ल्यात अडकतो. मग पाग वर आल्यावर शंभर मासे जाळ्यात टोचल्यासारखे लटकत असतात आणि एकेक ओढून काढेपर्यंत सगळे मेलेले. दुसरीकडे आस फार बारीक असला तर पाणी आरपार जायला वेळ लागतो, पाग हळू बुडतो आणि मासे खालून निघून जातात. हे भरून काढायचं तर काठाला शिसं वाढवायला लागतं, म्हणजे वजन वाढलं आणि पैसेही.

शिसं

पागाची खरी किंमत काठात असते. मालवणकडे जुनी माणसं पाग बघायला आलेल्याला "आदी काठ बघ, मगे जाळां" म्हणतील, आणि ते बरोबर आहे. ठोकताळा असा की त्रिज्येच्या दर फुटाला अर्धा किलो ते सातशे ग्रॅम शिसं असावं, म्हणजे सहा फुटीला तीन ते सव्वाचार किलो. दुकानात पूर्ण पाग तोलायची सोय नसते, तेव्हा गणित उलटं करायचं: घेर त्रिज्येच्या सव्वासहा पट, म्हणून पाग कितीही फुटी असला तरी काठाच्या एका फुटात ८० ते ११० ग्रॅम शिसं यायला हवं. एक मणी २० ग्रॅमचा असेल तर फुटाला चार-पाच मणी. काठाचा एक फूट दोन बोटांत धरून मणी मोजायचे, मग दुसरीकडचा फूट, मग तिसरीकडचा. एकीकडे पाच आणि दुसरीकडे तीन असले तर पाग तिरका पडणार, आणि ज्या बाजूला कमी तिथूनच मासे सुटणार. स्वस्त पागात कमी केलेलं असतं ते हेच, कारण जाळ्याचा कपडा स्वस्त आहे आणि शिसं किलोच्या भावाने येतं.

शिशाऐवजी लोखंडी साखळी लावलेले पागही मिळतात. शिसं लोखंडापेक्षा साधारण दीडपट जड (घनता ११.३ आणि ७.८), म्हणजे तेवढंच वजन करायला साखळी जाड लागते आणि खाऱ्या पाण्यात गंजते, गंज जाळ्याला लागतो. दगडी, कालवांच्या तळावर मात्र साखळी बरी, मण्यांसारखी फटीत अडकत नाही असं वापरणारे सांगतात. एक गोष्ट मुद्दाम लिहायला हवी, काठाचा एक भाग दातात धरून फेकायची पद्धत बऱ्याच व्हिडिओंत दाखवतात. शिसं विषारी आहे, ते तोंडात धरू नये, पोरांना तर अजिबात शिकवू नये. कोपरावर आणि खांद्यावर घेऊन फेकायची आपली पद्धत त्याहून वाईट नाही.

धागा, आणि मासा बाहेर कसा काढणार

पूर्वी सुताचे आणि तागाचे पाग असत, कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून ठेवत आणि दर थोड्या दिवसांनी ते काम परत. नायलॉन आल्यावर ते संपलं. आता निवड दोघांत. एकसर तार म्हणजे मोनोफिलामेंट पारदर्शक असते, पाणी धरत नाही, पटकन बुडते, पण कडक असते आणि घडी घालून ठेवली की तीच घडी धरून बसते. बहुतंतू नायलॉन मऊ, हाताला चांगलं, फेकायला शिकताना सोपं, पण पाणी आणि चिखल धरतं आणि थोडं हळू जातं. रेतीच्या, स्वच्छ पाण्याच्या खाडीला मोनो, चिखलाच्या खाडीला काहीही चालतं कारण तिथे मासा जाळं बघतच नाही. पॉलिथिलीनच्या दोऱ्याचं जाळं कोणी पाग म्हणून दिलं तर घेऊ नये, तो दोरा पाण्यापेक्षा हलका, तरंगतो. दोन्ही हातांनी आस तिरका ताणून बघावा, गाठ सरकली तर तो पाग पहिल्याच मोसमात वाकडातिकडा होणार.

आता आमिषवाल्यांनी सगळ्यात कमी विचारलेला प्रश्न. आपल्याकडचे बहुतेक पाग बिनदोऱ्यांचे, म्हणजे काठ थोड्या थोड्या अंतरावर आत उचलून बांधलेला असतो आणि सगळीकडून खिसे तयार होतात, ओढताना मासे त्या खिशांत जातात. अमेरिकी धर्तीच्या पागात काठापासून बऱ्याच बारीक दोऱ्या निघून शेंडीतल्या कडीतून हातातल्या दोरीला जुळतात, ओढलं की तळ पिशवीसारखा आवळतो. खाण्याच्या माशांना खिशांचा पाग उत्तम, उथळ तळावर काही सुटत नाही. जिवंत आमिषाला दोऱ्यांचा बरा, कारण बादलीवर धरून शेंडीची कडी उचलली की तळ मोकळा होतो आणि मासे हात न लागता पाण्यात पडतात. खिशांतून काढताना मासे झटकावे लागतात, आणि तारली-पेडव्याचे खवले इतके कच्चे की हाताला चांदी लागते आणि मासा थोड्या वेळात उलटा होतो. बोय आणि मुडदुशी चिवट, त्यांना एवढं लागत नाही. म्हणजे फक्त बोय धरायची असेल तर गावचा खिशांचा पाग घ्या आणि पैसे वाचवा. दोऱ्यांच्या पागात एक त्रास, दोऱ्या गुंततात, आणि अंधारात गुंतल्या की मग बोलायलाच नको.

विणकाम

हाताने विणलेल्या पागात शेंडीकडून खाली येताना ठराविक ओळींनी आस वाढवत नेतात म्हणून तो सगळीकडून सारखा गोल होतो. मशीनच्या जाळीचे त्रिकोणी पट्टे कापून शिवलेला पाग स्वस्त पडतो, पट्टे जास्त असतील तर चालतो, चार-सहाच असतील तर उघडल्यावर कोपरे दिसतात. तपासायचं असं: शेंडी धरून पाग पूर्ण लांबीने लटकवायचा, काठ जमिनीपासून सगळीकडे एकाच उंचीवर हवा. एक बाजू लोंबत असेल किंवा शिवणीपाशी जाळं चुरगळलेलं असेल तर सरळ परत. शेंडीतल्या कडीची धार बोटाने बघावी, खरखरीत असेल तर दोरी कापते. मनगटात अडकवायचा फास सरकता असला तर बरा. अडकलेला पाग ओढताना पाय घसरला की तो फास पटकन सोडवता यायला हवा.

कुठे घ्यावा? बंदराजवळच्या जाळ्यांच्या दुकानात, हात लावून. त्याहून चांगलं म्हणजे गावात अजून कोणी विणणारे आजोबा असतील तर त्यांना आस आणि लांबी सांगून विणून घ्यावा, वेळ लागतो पण फाटल्यावर सांधून द्यायलाही तेच असतात. ऑनलाइनचा पाग वाईट असतोच असं नाही, पण त्यात वजन लिहिलेलं नसेल तर तो घेऊ नये, ज्याने शिसं घातलंय तो वजन लिहितोच.

नवीन मोनोचा पाग कडक असतो, कोमट पाण्यात कपड्याचा कंडिशनर घालून रात्रभर भिजवला आणि नंतर साध्या पाण्याने खळखळून धुतला की मऊ पडतो. आधी अंगणात दोन-चार दिवस गवतावर फेकून बघावा. खाडीवरून आल्यावर गोड्या पाण्यात धुवायचा, कुर्ल्या आणि काट्या काढायच्या, सावलीत शेंडीने टांगायचा. नायलॉन उन्हाने कमजोर होतं आणि उंदीर माशाच्या वासाने कुरतडतात, त्यामुळे गोणीत गुंडाळून पडवीत टाकलेला पाग पुढच्या वर्षी शाबूत मिळेल याची खात्री नाही.

कुठे टाकायचा हेही घेताना बघून ठेवावं. पाण्याला ओढ असताना, म्हणजे भरती चढताना किंवा सुकतीला (ओहोटीला), खाडीच्या कडेने बारीक मासे फिरतात, उधाणाला ओढ जोराची असते तेव्हा हलका पाग वाहत जातो आणि भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीची ओढ कमी असते त्या दिवसांत, तोच चालतो. मालवणच्या सागरी अभयारण्यात (१९८७) गाभ्याच्या भागात मासेमारीला बंदी आहे. २०२३ मध्ये राज्य सरकारने बऱ्याच जातींना किमान आकार ठरवून दिला आहे, तेव्हा बारीक आसात पापलेट-सुरमईची पिल्लं आली तर ती आमिष म्हणून लावायची नाहीत, लगेच पाण्यात सोडायची. पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै, ती यांत्रिक होड्यांसाठी आहे, काठावरून पाग टाकणाऱ्याला तिचा त्रास नाही, मात्र त्या दिवसांत खाडीचं पाणी गढूळ आणि ओढीचं असतं. धरणं आणि तलाव बहुतेक ठिकाणी मच्छीमार सोसायट्यांना ठेक्याने दिलेले असतात, तिथे सोसायटीला विचारल्याशिवाय पाग टाकला तर तो जप्त होतो आणि भांडण वेगळं.