यूआरएल बदलायला कंट्रोलर बदलावा लागत नाही

रेल्समध्ये (वेब अ‍ॅप बनवायच्या रूबी फ्रेमवर्कमध्ये) यूआरएल, म्हणजे पानाचा पत्ता, बदलायचा तर कंट्रोलर (विनंती हाताळणारा कोड) आणि मॉडेलचंही (डेटा सांभाळणारा कोड) नाव बदलावं लागतं, हा समज अजून फिरतोय. तसं काही नाही. कोणता पत्ता कुठे जातो ते लिहिलेल्या राउट्सच्या फाइलमध्ये 'रिसोर्सेस'च्या ओळीला 'पाथ' हा पर्याय जोडला की यूआरएलमध्ये 'फोटोज'ऐवजी 'इमेजेस' दिसेल. विनंती जुन्याच कंट्रोलरकडे जाईल. हेल्परचं (कोडमध्ये पत्ता बनवून देणाऱ्या मेथडचं) नावही तेच राहतं, पण तो नवा पत्ता बनवून देतो. म्हणजे व्ह्यूंना (पानांच्या टेम्प्लेट्सना) हात लावायला नको. हेल्परचं नाव बदलतं ते 'अ‍ॅज' या पर्यायाने, आणि त्याने यूआरएल बदलत नाही. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. यूआरएलमधल्या 'न्यू', 'एडिट' या तुकड्यांसाठी 'पाथ_नेम्स' हा पर्याय आहे. जुन्या पत्त्यावर मात्र ४०४ (पान सापडलं नाही) येईल. तिथून नव्या पत्त्याकडे पाठवणारा रीडायरेक्ट तुम्हालाच लिहावा लागतो. वेगळं काही सांगितलं नाही तर राउटर त्यात ३०१ (पत्ता कायमचा बदलला) हा कोड पाठवतो.