मनी शिरा खाते, पण गोडासाठी नाही

शिऱ्याची वाटी मनीने चाटूनपुसून लख्ख केली की घरचे कौतुकाने म्हणतात, ‘हिला गोड फार आवडतं!’ खरं तर मांजराला गोड चव कळतच नाही. जिभेवरचा गोडाचा ग्राहक, म्हणजे गोड चव ओळखणारा रेणू, दोन प्रथिनांचा बनतो. मांजरात त्यातल्या एकाचं जनुक निकामी आहे. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी २००५ मध्ये हे दाखवलं. वाघ आणि चित्त्यातही तेच आढळलं. मनीला ओढ असते ती शिऱ्यातल्या तुपाची. श्रीखंडातही तिला हवा असतो तो चक्का, साखर नव्हे. तेव्हा लाडाने गोड भरवू नका. आणि कांदा-लसणाचा रस्सा तर मुळीच नको. त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, कांदा शिजवला तरी!